मुलांचीं इतिहासाचीं पुस्तकें कशीं असावींत?

इतिहासाचें पुस्तक हातीं आलें कीं आमच्या पुष्कळ मुलांच्या कपाळास आठी पडते. शिक्षक म्हणतात, मुलें पाठ करीत नाहींत. पालक म्हणतात, गणित व इंग्रजी यांपुढें इतिहासास वेळ कोठून आणावा. आणि मुलें, कोणीं विचारलेंच तर, म्हणतात कीं, मेलेल्या राजांच्या सनावळ्या आम्हांस काय करावयाच्या? या तिन्ही तक्रारी ऐकून आमचें असें मत झालें आहे कीं, यांत दोष मुलांचा नाहीं व इतिहासाचाही नाहीं. दोष आहे तो मुलांच्या हातीं पडणाऱ्या बहुतेक पुस्तकांचा. त्यांत राजे आहेत, लढाया आहेत, तह आहेत. परंतु त्या काळीं नांदणारीं साधीं माणसें नाहींत. अमक्या घराण्याचें राज्य शंभर वर्षें चाललें असें पुस्तक सांगतें. त्या शंभर वर्षांत शेत कोणीं नांगरलें, कापड कोणीं विणलें, लोक काय खाऊन व कसल्या छपराखालीं राहिले, याविषयीं तें अवाक्षर काढीत नाहीं.

लहान मूल इतिहास ऐकतांना कसले प्रश्न विचारतें, तें एकदां लक्ष देऊन ऐकावें. किल्ल्याची गोष्ट चालली असतां तें विचारतें, "वर पाणी कोठून आणीत?" वेढा सहा महिने पडला होता असें सांगितलें, तर विचारतें, "मग आंतल्या लोकांनीं खाल्लें काय?" तेव्हां मुलांस शाळा असे काय, रात्रीं दिवे कसले लावीत, आजारी पडल्यास औषध कोण देई, असे त्याचे प्रश्न संपत नाहींत. आपण मोठीं माणसें हे प्रश्न हंसण्यावारीं नेतों व पुढची लढाई सांगूं लागतों. वस्तुतः पाण्याची व दाण्याची सोय नसेल तर किल्ला आठ दिवसही लढवितां येत नाहीं. म्हणजे मुलानें जें विचारलें त्यांतच त्या वेढ्याचें मर्म होतें. मुलांसाठीं इतिहास लिहिणारानें या प्रश्नांपासून आरंभ करावा, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तें आपणांस कसें कळलें हेंही सांगावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. परंतु या एवढ्यांत पुष्कळ गोष्टी येतात.

ही कल्पना आमच्या पदरची नव्हे. मोराव्हिया प्रांतांतून धर्मकलहाच्या काळीं परागंदा झालेला थोर शिक्षक कोमेनियस यानें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. लॅटिन भाषा शिकविणें हा त्याचा हेतु होता. पण त्यासाठीं त्यानें आपल्या दीडशें प्रकरणांत सृष्टींतील पदार्थांबरोबर भाकरी भाजणारा, लोहार, चांभार, विणकर इत्यादि लोकांचीं चित्रें घातलीं आणि त्यांच्या हत्यारांवर आंकडे टाकून प्रत्येकाचें नांव दिलें. युरोपांतील मुलांनीं पुढें दोनशें वर्षें तें पुस्तक वापरलें. कारागीर काय करतो हें मुलांनीं जाणावें, यांत त्या विद्वानास कमीपणा वाटला नाहीं.

तोच विचार इतिहासास लागू केला तो इंग्लंडांतील क्वेनेल या दांपत्यानें. पति वास्तुशिल्पी, पत्नी चित्रकर्ती. १९१४ ते १९१८ चें महायुद्ध चालू असतां या दोघांनीं इंग्लंडांतील नित्याच्या वस्तूंचा इतिहास मुलांसाठीं लिहावयास घेतला. १९१८ सालीं निघालेल्या पहिल्या भागांत १०६६ पासून १४९९ पर्यंतचा काळ आहे. लढायांचीं वर्णनें सोडून त्यांनीं घरें कशीं बांधीत, कपडे कसे बेतीत, गाड्या व जहाजें कशीं करीत, मुलें कोणते खेळ खेळत, हें स्वतः काढलेल्या चित्रांसह सांगितलें. त्यांचीं चित्रें पाहतांना मूल नुसतें भिंतीकडे पाहत नाहीं. ती भिंत कशी उभी राहिली हें त्यास कळतें. ज्या वेळीं सारें जग मोडण्याच्या कामांत गुंतलें होतें, त्या वेळीं घडविणाऱ्या हातांचा इतिहास मुलांपुढें ठेवावा असें त्या दोघांस वाटलें, हें ध्यानांत धरण्याजोगें आहे.

यापुढची पायरी आयलीन पॉवर या विदुषीनें दाखविली. तिच्या १९२४ सालच्या मध्ययुगीन लोकांविषयींच्या ग्रंथांत पहिलें चरित्र कोण्या सम्राटाचें नसून बोडो नांवाच्या एका शेतकऱ्याचें आहे. हा बोडो सुमारें बाराशें वर्षांपूर्वीं पॅरिसजवळच्या एका मठाच्या जमिनींत राबत असे. त्याच्या बायकोचें नांव एर्मेंत्रूद, आणि मुलें तीन: विडो, गेर्बर्ट व हिल्डेगार्ड. त्यांचीं नांवें आपणांस कशीं कळलीं? मठाधिपतीनें आपल्या जमिनींची एक वही लिहवून ठेवली होती. कोणाकडे किती जमीन, घरांत माणसें किती, कोणीं किती दिवस वेठ करावयाची, द्राक्षमद्य, फळ्या, कोंबड्या व अंडीं यांपैकीं काय भरावयाचें, याचा हिशोब त्या वहींत आहे. ज्यानें ती लिहविली त्यास केवळ वसुलाची काळजी होती. परंतु तीच रूक्ष वही एका सहृदय बाईच्या हातीं पडली, आणि शतकानुशतकें विसरलेलें कुटुंब पुन्हां आपल्या शेतांत चालतें बोलतें झालें. पुढें १९२६ सालीं तिनें व तिची बहीण रोडा हिनें मिळून इतिहासांतील मुलामुलींविषयीं मुलांसाठींच एक पुस्तक लिहिलें. मुलांच्या पुस्तकाचें रहस्य येथें आहे असें आम्ही मानतों. पुरावा खरा, माणूस साधा, आणि सांगणाऱ्याचें मन ओलें.

आतां कोणी म्हणेल, तें युरोपांत झालें. आमच्याकडे अशीं साधनें कोठें आहेत? आम्ही उलट विचारतों, कोठें नाहींत? पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भागांत छापले गेले. तेवढेच चाळले तरी मोहिमांबरोबर माणसांचीं सुखदुःखें हातीं लागतात. गांवचा महार, कुंभार, सुतार, लोहार कोणतें काम करी व त्यास बलुतें काय मिळे, हें पाहावयाचें असेल तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा 'गांवगाडा' आहे. एका स्त्रीच्या डोळ्यांनीं घर पाहावयाचें असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आहेत. हे ग्रंथ मोठ्यांसाठीं लिहिलेले आहेत हें खरें. त्यांतून मुलांचा बोडो उभा करणारा लेखक मात्र हवा.

आणि जेथें कागद संपतो तेथें माती बोलूं लागते. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव म्हणून गांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. ख्रिस्तपूर्व सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशें वर्षें, शेतकऱ्यांची एक वस्ती त्या ठिकाणीं नांदली. त्यांनीं एक अक्षरही लिहून ठेवलें नाहीं. तथापि त्यांच्या चुलींच्या राखेंत जळालेले दाणे सांपडले, त्यावरून ते मुख्यतः जव पिकवीत असें कळलें. हाडांवरून गुरें, शेळ्यामेंढ्या व शिकारीचीं हरणें ओळखतां आलीं. पुराचें पाणी वळवून शेतीस देण्यासाठीं खणलेला पाटही दिसून आला. मधल्या काळांतील घरें चौकोनी व ऐसपैस आहेत. ख्रिस्तपूर्व १००० नंतरचीं मात्र लहान, वाटोळीं व गरिबीचीं. घरांच्या त्या आकारावरून व इतर पुराव्यावरून संशोधकांनीं अनुमान केलें कीं, पाऊस कमी झाला, शेती खालावली व लोकांवर अवकळा आली. दुष्काळाचें नांव कोणीं लिहिलें नाहीं. तें घराच्या जोत्यावर उमटून राहिलें!

त्याच घरांच्या जमिनीखालीं आणखी एक गोष्ट सांपडली. तान्हें मूल दगावलें तर मातीचे दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत त्यास ठेवीत व राहत्या घरांतच पुरीत. त्यांचा त्यामागील विचार काय होता हें निश्चयानें सांगतां येत नाहीं. पण लेकरूं दूर ठेवणें आईबापांस सोसलें नसावें, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. तीन हजार वर्षांपूर्वींच्या, भाषा ठाऊक नसलेल्या, नांव ठाऊक नसलेल्या आईविषयीं आपल्या पोटांत कालवतें. इतिहासानें मुलांस द्यावयाचें जें काय आहे, तें यापरतें दुसरें काय असणार? आणि शिरूर तालुक्यांतील शेतकऱ्याच्या मुलास आपल्या पायांखालीं हा ठेवा आहे हें ठाऊक नसावें, याहून मोठी हानि कोणती?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आदरपूर्वक ऐकण्यासारखा आहे. कित्येक सूज्ञ पालक म्हणतात कीं, मुलांस थोर पुरुषांचीं चरित्रें सांगावींत. त्यांनीं मन उंच होतें. चुलीराखेच्या इतिहासानें स्फूर्ति कशी येणार? थोरांचीं चरित्रें मुलांनीं वाचूं नयेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' मासिकानें १८८१ पासून हेंच काम केलें व तें उत्तम केलें. परंतु थोर पुरुष थोर कशामुळें, हें साध्या माणसांवांचून दाखवितांच येत नाहीं. शिवाजी महाराजांचें एक पत्र राज्याभिषेकाच्या आगेंमागें, म्हणजे १६७३-७४ च्या सुमाराचें, प्रसिद्ध आहे. चिपळुणाकडे छावणीस असलेल्या आपल्या अंमलदारांस तें लिहिलेलें आहे. त्यांत सांगितलें आहे कीं, दाणावैरण जपून वापरा, नाहींतर पावसाळ्यांत घोडे उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाजी, लांकूडफांटें ओढून आणूं लागाल, आणि रयतेस तुम्ही मोंगलांहून वाईट वाटाल. गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊं नका, रात्रीं दिवा जळत ठेवूं नका; एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल व सारी वैरण भस्म होईल, हीही सूचना त्यांत आहे. कुणब्याच्या भाजीच्या देंठाची आणि उंदराच्या तोंडांतील वातीची ज्या राजास काळजी, तो राजा मुलांस दहा लढायांच्या यादीपेक्षां अधिक कळेल. त्याच महाराजांच्या रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर या बांधकाम पाहणाऱ्या सेवकाचें नांव कोरलेलें आजही वाचतां येतें. पायरीवरच्या त्या नांवास मुलांच्या पुस्तकांत एक पान मिळावें, एवढीच आमची मागणी आहे.

मात्र साध्या माणसांचा इतिहास लिहितांना तो गोड करून सांगण्याचा मोह पडतो, आणि त्यापासून सावध राहिलें पाहिजे. जुनें खेडें म्हणजे सर्वांचा एक सुखी संसार, कुंभार मडकीं देई, सुतार नांगर देई, सर्व आनंदांत असत, असें चित्र मुलांच्या पुस्तकांत वारंवार दिसतें. तें अर्धें चित्र आहे. मुलाचा पहिलाच प्रश्न होता, पाणी कोठून आणीत? या प्रश्नाचें खरें उत्तर द्यावयाचें तर हेंही सांगावें लागेल कीं, त्याच गांवांत कांहीं लोकांस त्या विहिरीवर चढूं देत नसत. महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला होता, तरी तो कागदावरच राहिला. म्हणून २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस हजारों लोकांसह जाऊन त्या तळ्याचें पाणी हातीं घ्यावें लागलें, आणि त्याविषयींचा खटला १९३७ पर्यंत चालला. मुलांस हें सांगूं नये, तीं लहान आहेत, असें कोणी म्हणतात. ज्या मुलाच्या पणज्यास तहानलेलें परतावें लागलें, तें मूल या शाळेच्या बांकावर बसतें. त्यास तें घरीं कळलेलेंच असतें. शेजारच्या मुलानेंही तें जाणावें, हाच न्याय होय.

परक्या लोकांविषयीं लिहितांना तर अधिकच जपावें लागतें. 'निरनिराळ्या देशांतील लोक' अशा मथळ्याच्या पुस्तकांत उत्तर ध्रुवाकडील एस्किमो बर्फाच्या घरांत राहतो असें पिढ्यान् पिढ्या मुलांनीं पाठ केलें. ते लोक स्वतःस इनुइट म्हणवितात; त्यांच्या भाषेंत इग्लू या शब्दाचा अर्थ नुसता घर असा आहे. बर्फाच्या विटांचें घर मुख्यतः कॅनडाच्या उत्तरेकडील लोक हिंवाळ्यांत किंवा शिकारीच्या प्रवासांत बांधीत. ग्रीनलंड व अलास्का येथें दगड, गवताळ मातीचीं ढेकळें, वाहून आलेलें लांकूड व देवमाशांचीं हाडें यांचीं घरें असत, आणि उन्हाळ्यांत सर्वत्र कातड्यांचे तंबू. आज ते लोक वसाहतींतून पक्क्या घरांत राहतात व त्यांचीं मुलें शाळेंत जातात. मग एका चमत्कारिक घरावरून सर्वांस ओळखणें कितपत योग्य? हें आपणांस लवकर समजावें, कारण आपणही या अन्यायांतून सुटलों नाहीं. परदेशांतील जुन्या पुस्तकांत हिंदुस्थान म्हणजे हत्ती, गारुडी व खिळ्यांवर निजणारा फकीर. तें वाचून आपल्या मुलांस हंसूं येतें व थोडा रागही येतो. तर मग नियम सरळ आहे. ज्या लोकांविषयीं पुस्तक आहे, त्यांच्यांतील मुलानें तें उघडलें तर त्यास त्यांत आपली आई ओळखूं यावी.

या सर्वांस बांधणारी गोष्ट पुराव्याची आहे. १९२८ च्या उन्हाळ्यांत जवाहरलाल नेहरूंनीं मसुरीस असलेल्या आपल्या दहा वर्षांच्या मुलीस पत्रें लिहिलीं. पुढील वर्षीं त्यांचें पुस्तक झालें. आरंभींच ते तिला सांगतात कीं, वाटेवरचा गुळगुळीत गोटाही वाचतां येतो; तो एके काळीं डोंगराचा कोंचदार तुकडा होता, ओढ्यानें त्यास घांसून वाटोळें केलें. इतिहास म्हणजे पाठ करण्याची यादी नसून वाचावयाची खूण आहे, हें दहा वर्षांच्या मुलीस कळलें तर आमच्या मुलांस कां कळूं नये? म्हणून चांगल्या पुस्तकानें ठाम ठाऊक असलेलें आणि तर्कानें काढलेलें यांत भेद करावा. राजानें असें भाषण केलें म्हणून मनचीं वाक्यें त्याच्या तोंडीं घालूं नयेत. घालावयाचींच तर ही आमची कल्पना आहे असें स्पष्ट म्हणावें. ज्या मुलास "हें तुम्हांस कसें कळलें?" असें विचारण्याची संवय लागली, तें पुढें वर्तमानपत्र, जाहिरात किंवा पुढाऱ्याचें भाषण, कशानेंही सहसा फसणार नाहीं.

पालकांस आमची विनंती अशी. परीक्षेंत गुण मिळत नाहींत म्हणून असलीं पुस्तकें घेण्याचें टाळूं नये. वर्षांतून एक घ्यावें, पण मुलाबरोबर बसून वाचावें. विकत घेणें जमत नसेल तर शाळेच्या ग्रंथालयांतून आणावें. आणि माळ्यावरच्या पेटींतील मोडी कागद, जुने खतपत्र, आजोबांची जमाखर्चाची वही रद्दीवाल्याच्या तराजूंत घालण्यापूर्वीं एखाद्या जाणत्यास दाखवावी. मठाची ती वसुलाची वही कोणी रद्दींत टाकली असती तर बोडो कायमचा मेला असता.

मुलांनो, तुम्हांस एक काम सांगतों. येत्या सुटींत घरांतील किंवा आळींतील एक जुनी वस्तु निवडा. जातें असो, मोटेचें चाक असो, कोष्ट्याचा धोटा असो, चांभाराची रापी असो. ती कोणीं केली, कशाची केली, कोण वापरीत असे, दिवसाचे किती तास, व कां बंद पडली, हें आजीस किंवा शेजारच्या म्हाताऱ्या काकांस विचारा. घरीं मोबाइल असेल तर आजीचा आवाज त्यांत उतरून घ्या. मग तें वहींत शुद्ध मराठींत लिहा, वस्तूचें चित्र काढा, आणि खालीं कोणीं सांगितलें, त्यांचें वय काय व तारीख कोणती, हें नमूद करा. दोघांनीं निरनिराळें सांगितलें तर दोन्ही लिहा. असें एक पान ज्यानें मनापासून लिहिलें, त्यानें इतिहासाचें पुस्तक वाचलेंच असें नव्हे, लिहावयासही आरंभ केला असें आम्ही समजूं. तें काम उद्यांवर टाकूं नका. कारण वस्तु पुष्कळ दिवस टिकते, सांगणारें माणूस तितके दिवस राहत नाहीं.